केस गळण्याआधी फणी

आमच्या घरात दोन मांजरे आहेत. तांबू हा सोसायटीच्या पार्किंगमधून जिना चढून वर आलेला देशी बोका, आणि जाई ही एका कुटुंबाने परदेशी जाताना आमच्याकडे सोपवलेली, पर्शियन वळणाची, लांब केसांची पांढरी मांजरी. जाई आली त्या वर्षी संक्रांतीला आईने काळी चंद्रकळा नेसली, आणि हळदीकुंकवाच्या बायका येण्याआधीचा पाऊण तास तिने पदरावरचे पांढरे केस एकेक करून वेचण्यात घालवला. त्याच आठवड्यात आमटीच्या वाटीत केस निघाला आणि ती काही न बोलता पानावरून उठली. ज्या घरात देवघर आहे आणि रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, तिथे मांजर ठेवायचे तर केसांची व्यवस्था मनापासून लावली पाहिजे, हे मला त्या दिवशी पटले.

पहिले काही महिने मी फक्त झाडत राहिले. पंखा चालू असताना केरसुणी फिरवली की केस गोळा होत नाहीत. ते उडतात, तरंगतात आणि तासाभराने सोफ्याखाली पुन्हा जमतात. आता पंखा बंद करून आधी ओलसर फडके फिरवते, त्यामुळे केस जागच्या जागी चिकटून वळकटीसारखे गोळा होतात, आणि झाडण्याचे काम त्यानंतर करते. हा क्रम बदलल्याने फरक पडला. पण जमिनीवर पडलेला केस उचलणे हा उशिरा केलेला उपाय आहे. गळायला आलेला केस मांजराच्या अंगावरच पकडला, तर घरभर त्याच्यामागे धावावे लागत नाही.

मांजराचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग विसावतो आणि शेवटी गळतो. वरचे राठ केस वेगळे आणि त्यांच्या खालची मऊ लव वेगळी. घरात कापसासारखे जे पुंजके फिरतात ते मुख्यतः या लवेचे असतात. केस गळण्याचा हंगाम दिवसाच्या उजेडाच्या लांबीशी बांधलेला असतो. थंड देशांत हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे दिवस फार वेगळे असतात, तर पुण्यात सर्वांत लांब आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक पडतो. त्यात आपल्या घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. म्हणूनच घरातली मांजरे वर्षभर थोडे थोडे केस टाकत राहतात, असे मला वाटते. होळीच्या सुमारास जाईचे प्रमाण वाढते, पण पूर्ण विश्रांतीचा महिना आमच्या वाट्याला येत नाही.

जाईला रोज दहा मिनिटे आणि तांबूला आठवड्यातून दोनदा विंचरते. जागा न्हाणीघराची, दार लावून आणि पंखा नसलेली, कारण गॅलरीत विंचरले तर निम्मे केस शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात. आधी रुंद दातांचा कंगवा, मग तारांचा ब्रश अगदी हलक्या हाताने, आणि शेवटी ओला तळवा पाठीवरून दोनतीनदा फिरवायचा. तांबूच्या आखूड केसांना रबरी ब्रश आणि बारीक दातांची फणी पुरते. कानांमागे, बगलेत आणि मांड्यांच्या मागे गुंता होतो. तो सोडवताना केस मुळाशी चिमटीत धरावेत, म्हणजे कातडी ओढली जात नाही. गुंत्याला कात्री कधीही लावू नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, ती गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि केसाऐवजी कातडीच कापली जाते. शेपटीचे टोक झटकू लागले की त्या दिवसाचे काम तिथेच थांबवायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी फणी पाहूनच मांजर पलंगाखाली जाते.

याचा लाभ घरापेक्षा मांजराला अधिक होतो. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे अंग चाटताना निघालेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बराचसा शीवाटे बाहेर पडतो, उरलेला पोटात साठून गोळ्याच्या रूपाने उलटून येतो. रोज विंचरणे सुरू झाल्यापासून जाईच्या अशा उलट्या फार कमी झाल्या आहेत. मांजर वारंवार उबळ काढत असेल पण काहीच बाहेर पडत नसेल आणि त्याने खाणेही सोडले असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

उन्हाळ्यात सगळे केस भादरून टाकण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. अंगावरचे केस उन्हापासूनही राखण करतात, आणि पांढऱ्या मांजराला तर त्याची जास्तच गरज असते. आतली गळकी लव काढली की पुरेसे होते.

गोधड्या आणि सोफा यांच्यासाठी ओलसर रबरी हातमोज्यासारखे दुसरे साधन मला सापडलेले नाही. एकाच दिशेने हात ओढला की केसांच्या सुरळ्या निघतात. वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी हे करावेच, कारण भिजलेले केस कपड्यांच्या शिवणीत रुततात आणि उरलेले पाण्याच्या वाटेत अडकतात. पावसाळ्यात कपडे घरातच दोरीवर वाळतात, तेव्हा त्या खोलीचे दार आम्ही बंद ठेवतो. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुतो. स्वयंपाकाला लागण्याआधी ओटा पुसायचा आणि शिजलेल्या प्रत्येक भांड्यावर झाकण ठेवायचे, हे दोन नियम आईचे आहेत आणि ते कोणीही मोडत नाही.

फरशी पुसण्याच्या पाण्यात आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिनाईल पडत असे. ते मी पूर्णपणे बंद केले. फिनॉलवर्गातील पदार्थ मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चाललेले मांजर नंतर पंजे चाटतेच. साधे पाणी आणि थोडा साबण, मग फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजरे दुसऱ्या खोलीत, अशी आमची पद्धत आहे.

माझ्याकडून एक चूक झाली, ती मला अजून सलते. मागच्या वैशाखात तांबूच्या पोटावरचे केस विरळ होत गेले, आणि उन्हाळ्याचे केस गळत आहेत असे समजून मी दोन महिने फक्त विंचरत राहिले. डॉक्टरांनी पोटावरून बोट उलट फिरवून दाखवले: केस मुळापासून गळलेले नव्हते, चाटून चाटून तुटलेले होते, आणि त्यांचे खुंट बोटाला टोचत होते. कारण पिसवांचे होते. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले की भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ती रक्त प्यायलेल्या पिसवांची विष्ठा असते. साधी धूळ असेल तर असा डाग पडत नाही. औषध डॉक्टरांनीच वजन पाहून दिले. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या पिसवांच्या औषधांत पर्मेथ्रिन असू शकते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते, म्हणून घरातले किंवा शेजारचे औषध कधीही लावू नये. तांबूच्या पोटावरचे केस दिवाळीपर्यंत पुन्हा दाट झाले. आता दर रविवारी विंचरून झाले की फणीतला केर मी न्हाणीघराच्या खिडकीपाशी नेते आणि ओल्या कागदावर झटकून उजेडात नीट पाहते.