माझाच गिलावा फोडताना

नोव्हेंबरात मी एका कॉलेजच्या इमारतीचा सिमेंटचा गिलावा फोडायला घेतला. तो १९९७ साली मीच करून दिला होता. तेव्हा मी नवाकोरा इंजिनीयर होतो. उघडी जांभ्या दगडाची भिंत दिसली की काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं, संस्थेच्या मंडळींना आणि मलाही. सिमेंट फासलं, वर पिस्ता रंग मारला. उद्घाटनाला नारळ फुटला, माझा सत्कारही झाला. शाल अजून आहे घरात.

रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावरची ही इमारत स्वातंत्र्याच्या आधीची. चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांच्या दीड-दोन फुटी भिंती, तिन्ही बाजूंनी पडवी, वर मंगलोरी कौलं. आता संस्थेला ती ‘आधुनिक आणि पर्यावरणपूरक’ करायची आहे. पहिल्याच बैठकीत एकाने मोबाईलवर राजाबाई टॉवरचे फोटो दाखवले. मुंबई विद्यापीठाचा तो टॉवर आणि शेजारचं ग्रंथालय यांच्या जतनकामाला २०१८ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. “आपलंही असं करा,” म्हणाले. मी मान डोलावली. पण मनात आलं, त्या इमारतीचे आराखडे काढणारा गिल्बर्ट स्कॉट कधी मुंबईला आलाही नाही, लंडनमध्ये बसून त्याने कागद पाठवले. आमची इमारत बांधणाऱ्याचं नावही कुठे नोंदलेलं नाही. पण पावसाची झड कुठल्या अंगाने येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पश्चिमेची पडवी बाकीच्या दोन्हींपेक्षा हातभर रुंद आहे.

तर गिलावा. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि दसऱ्यानंतर हळूहळू सोडतो. सिमेंटने मी त्याचं बाहेरचं तोंड बंद केलं. पाणी मात्र यायचं थांबलं नाही. ते जोत्यातून वर चढलं, गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांतून आत गेलं, आणि बाहेर पडायला वाट नाही म्हणून वर्गातल्या भिंतीवर उतरलं, सोबत मीठ घेऊन. लोणा, पोपडे. मग दर दिवाळीच्या सुट्टीत नवा रंग. सत्तावीस वर्षं संस्था माझ्या चुकीला रंग देत होती आणि कुणी मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी जांभ्यालाच दोष दिला असता, हेही खरं.

आमचे गवंडीकाका सत्तरीचे. पहिला पोपडा पडला तसा त्यांनी आतला चिरा नखाने खरवडला. भुसा खाली आला. म्हणाले, “साहेब, माणसाला रेनकोट घालून जेवायला बसवलंत तुम्ही.” मी गप्प.

काही चिरे बदलावे लागले. बाकी भिंतींना चुना. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे; आम्ही बाहेरून कळीचा, म्हणजे पाणी न लागलेला भाजका चुना आणला, टाकीत पाणी घालून विरवला आणि महिनाभर पाण्याखाली ठेवला. त्यात काकांनी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड परत शोषून घट्ट होतो, त्याला वेळ लागतो. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साईडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटचा, असं मी बैठकीत सांगितलं तेव्हा कुणाचा चेहरा हलला नाही. “रंगाचा खर्च वाचेल,” म्हटल्यावर हलला.

छपरावरून खरी भांडणं झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उत्तरेकडे दापोली, मंडणगडात कौलं पत्त्यांसारखी उडाली होती. तेव्हापासून सगळ्यांना रंगीत पत्रा हवा. शिवाय वानरं! कौल टिकत नाही हे मला मान्यच आहे, माझ्या स्वतःच्या घरावर पत्रा आहे. पण आषाढातल्या सरीखाली पत्र्याच्या वर्गात शिकवून बघा. शेवटी मी प्राध्यापकांनाच पुढे केलं. कौलं राहिली, कडेच्या ओळी तारेने बांधल्या, वासे आणि रिपा जिथे कुजल्या तिथे बदलल्या. मोडलेल्या घरांची जुनी कौलं गोळा केली. प्रयोगशाळेवर मधेमधे काचेची कौलं बसवली, दिवसा ट्यूबलाईट लागत नाही. पीओपीचं खोटं छत काढलं तर वर बुजलेले झरोके निघाले आणि त्यांच्यामागे वटवाघळं. झरोके जाळी लावून उघडले. वटवाघळं नाराज आहेत.

सोलर कौलांवर नको म्हटलं. मागच्या स्लॅबच्या इमारतीवर टाकलं, तिथे कोणी बघतही नाही. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी द्यावा लागला. वायरिंग भिंतीत खोबणी न पाडता पट्टीवरून नेलं. एका विश्वस्तांना ते ‘जुनाट’ दिसतं.

पाण्याबाबत मात्र मी स्वतःच्या उत्साहाला आवर घातला. ४०० चौरस मीटर छपरावर आपला वर्षाचा ३ मीटर पाऊस म्हणजे कागदावर १२ लाख लिटर. सगळे म्हणाले विहिरीत सोडा. जांभ्याच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची विहीर म्हणजे चाळण. जुलैत ओतलेलं पाणी एप्रिलपर्यंत थांबत नाही. म्हणून फक्त संडासापुरती टाकी केली, बाकीचं पाणी वाटेने जाऊ दिलं.

आज २० मे. पश्चिमेच्या भिंतीचा शेवटचा हात गेल्या आठवड्यात झाला, अजून ओला आहे. पाऊस लवकर आला तर धुऊन जाईल. नारळाच्या झावळांची झापं बांधून भिंत झाकायची, पण झापं विणणारं माणूस गावात मिळत नाही. काकांची बायको म्हणाली, विणून देईन, झावळं तेवढी तुम्ही आणा. उद्या सकाळी टेम्पो घेऊन निघतोय.