तुम्ही विचारलंत म्हणून: वय छत्तीस, मग बाळ बारीकच होणार का?

खंडेराव मार्केटात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि आता तर व्हॉट्सअ‍ॅपवर सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटोच येतो, खाली एक ओळ, "मावशी, सुनेला छत्तिसावं चालू आहे, बाळ कमी वजनाचं होईल का हो?" मी प्रसूती वॉर्डात नर्स होते, रिटायर झाले पण वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींनी काही मला रिटायर होऊ दिलेलं नाही.

तर ऐका. वयाचा आणि वजनाचा संबंध आहे, पण तो दोन्ही टोकांना आहे. आई विशीच्या आतली असेल तर कमी वजनाची बाळं जास्त दिसतात, मग मधल्या वर्षांत प्रमाण कमी होतं, आणि पस्तिशी-चाळिशीनंतर परत वाढतं. कमी वजन म्हणजे अडीच किलोच्या खाली, ही रेघ सगळीकडे तीच. पण छत्तीस हा आकडा काही बाळाचं वजन कमी करत नाही हो, त्या वयात बीपी जास्त वेळा चढतं, दिवस भरायच्या आत डिलिव्हरी होण्याची शक्यता वाढते, आयव्हीएफ केलं असेल तर कधी जुळी असतात, वजन कमी होतं ते यामुळे. आणि गंमत म्हणजे याच वयात गरोदरपणातली शुगरही वाढते, आणि ती कंट्रोलमध्ये नसेल तर बाळ उलट मोठं होतं, चार किलोच्या वर जातं, मग अडचण वेगळीच. म्हणजे "वय झालंय म्हणून बारीकच होणार" हे गणित तिथेच चुकतं. बीपी प्रत्येक व्हिजिटला बघा, शुगरची टेस्ट पहिल्या तपासणीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या, यात टाळाटाळ नको.

अजून एक, नुसतं वजन सांगून मला काही कळत नाही, आठवडे पण सांगा. २ किलो ३०० ग्रॅमचं बाळ ३५व्या आठवड्यात आलं असेल तर त्याच्या आठवड्यांच्या मानाने ते ठीक आहे, फक्त लवकर आलंय. तेच वजन ४० आठवड्यांना असेल तर आत वाढच नीट झाली नाही, का झाली नाही ते शोधायला लागतं.

आता जे मला कोणी विचारत नाही ते. एकोणीस वर्षांच्या सुनेबद्दल आजवर एकाही सासूबाईंनी काळजीने फोन केलेला नाही, "लहान वयात सोपं जातं हो सगळं" असंच म्हणतात! अहो, कोवळ्या वयात मुलीचंच अंग अजून भरत असतं, जे खाल्लं त्यात दोघांचा वाटा, त्यात हिमोग्लोबिन आधीच कमी, पहिलटकरीण, आणि पहिलं बाळ तसंही दुसऱ्यापेक्षा थोडं हलकंच असतं. मग लगेच वर्षभरात दुसरं. दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षं अंगाला सावरायला द्या म्हणते तर घरचे माझ्याकडेच बघतात. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बडोदा संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, मुलींना किमान वय १२ ठेवलं होतं, आज ऐकून कसंतरी होतं पण तेव्हा तेवढ्यावरही ओरड झाली असणार. आता कायदा १८ म्हणतो, पण १८ पूर्ण झाले म्हणजे लगेच आई व्हायला तयार असं कुठे लिहिलंय?

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे वयापेक्षा आईचं स्वतःचं वजन, उंची, रक्त, आणि तंबाखू-मशेरी या गोष्टी मी आधी बघेन (हो, चांगल्या घरातल्या बायकाही मशेरी लावतात, विचारलं की लाजतात). २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ज्या बाळांच्या वजनाची माहिती मिळाली त्यांच्यात साधारण १८ टक्के अडीच किलोखाली होती, या सगळ्यांच्या आया काही छत्तिशीच्या नव्हत्या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असतात, म्हणजे कमी पडतो तो स्नायू. म्हणून डिंकाचे लाडू आणि तूप चालू ठेवा पण डाळ, अंडं, दूध, भाजी आधी, आणि लोहाच्या गोळ्या कचऱ्यात नाही, पोटात.

बाळ झाल्यावर पहिल्या दिवसांत वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, आणि दोनेक आठवड्यांत परत येतं. त्याच्यापेक्षा जास्त उतरलं, बाळ पीत नाही, सुस्त पडून राहतं, तर डॉक्टरकडे जा, फोटो मला पाठवत बसू नका. नाहीतर घरच्या वजनकाट्यावर रोज बाळाला चढवायचं, तेही कधी दुपट्यासकट कधी लंगोटासकट, आणि मग पन्नास ग्रॅम कमी झालं म्हणून सुनेकडे बघायचं, हे बंद करा.