क्रूझवरची बक्षिसी आणि काउंटरसमोरची रांग

भूमध्य समुद्रातील या सफरीत आमचे जहाज बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ आणि नेपल्स या बंदरांना लागले. ती शहरे आम्ही सतत घड्याळाकडे लक्ष ठेवून पाहिली, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. लिहावेसे वाटते ते जहाजावर लागलेल्या एका रांगेविषयी. सफर संपण्याच्या दोन दिवस आधी दुपारी जहाजाच्या मधल्या चौकातील ग्राहक-सेवा काउंटरसमोर बरीच माणसे उभी होती. काही वस्तू हरवली म्हणून किंवा बिलात चूक झाली म्हणून आलेले त्यांत थोडेच होते. पुढे-मागे चाललेल्या बोलण्यावरून कळले की बहुतेकांना आपल्या खात्यावर रोज नावे पडणारी बक्षिसी काढून टाकायची होती.

ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी ही पद्धत थोडक्यात सांगते. क्रूझवर रोख पैशाचा व्यवहार जवळजवळ होतच नाही. केबिनचे दार ज्या कार्डाने उघडते तेच दाखवून सर्व खर्च होतो आणि शेवटी एकत्र बिल येते. मोठ्या अमेरिकी कंपन्या या बिलात प्रत्येक प्रवाशामागे दररोज एक ठरावीक रक्कम बक्षिसी म्हणून धरतात. गेल्या काही वर्षांत ती साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात आहे, आणि स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनमध्ये, राहणाऱ्यांना त्याहून अधिक द्यावी लागते. दोन माणसांच्या सात रात्रींच्या सफरीचा हिशेब दिवसाला १८ डॉलरने केला तरी २५२ डॉलर होतात. रक्कम लहान नाही, हे मलाही मान्य आहे. मात्र बहुतेक कंपन्यांत ती ऐच्छिक असते, म्हणजे काउंटरवर जाऊन सांगितले की ती कमी करून किंवा पूर्ण काढून मिळते. ती रांग याच सवलतीसाठी लागली होती.

पूर्वी हे पैसे पाकिटांतून दिले जात. सफरीच्या शेवटी प्रवासी केबिनच्या सेवकाला, वेटरला, सहायक वेटरला आणि हेड वेटरला स्वतंत्र पाकिटे देत. जेवणाची वेळ आणि टेबल सफरभर तेच असल्यामुळे वाढणारी माणसेही तीच असत, आणि पाकीट कोणाच्या हातात द्यायचे हा प्रश्न येत नसे. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' नावाची पद्धत आणली. कधी, कुठे आणि कोणाबरोबर जेवायचे हे तिच्यात प्रवाशाने ठरवायचे. प्रवाशांना ही मोकळीक आवडली आणि इतर कंपन्यांनीही कमीअधिक प्रमाणात तिचे अनुकरण केले. पण रोज निराळा वेटर वाढणार असेल तर पाकिटांची पद्धत टिकणे कठीणच होते. बिलात आपोआप येणारी रोजची रक्कम रूढ झाली त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

मी आणि वहिनींनी जुन्या पद्धतीचे, ठरलेल्या वेळेचे जेवण घेतले होते. आमच्या मोठ्या टेबलावर एक सुसंस्कृत, पुष्कळ प्रवास केलेले गृहस्थ पत्नीसह बसत. त्यांच्या गप्पांमुळे आमच्या संध्याकाळी चांगल्या गेल्या होत्या, म्हणूनच पुढचा प्रसंग मला अधिक लागला. त्या रात्री सूप संपल्यावर त्यांनी साऱ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की दुपारी काउंटरवर जाऊन आपण संपूर्ण रक्कम काढून घेतली आहे. ज्यांनी आपली सेवा केली त्यांना आपण स्वतः हातात पैसे देऊ, कंपनीच्या खिशात कशाला घालायचे, असे त्यांचे म्हणणे होते. हे ते बोलत असताना सहायक वेटर त्यांच्याच खांद्याशी उभा राहून पेल्यात पाणी ओतत होता. त्याने पेला भरला, आणखी पाव हवा का असे नेहमीच्याच सौजन्याने विचारले आणि तो पुढच्या खुर्चीकडे गेला. त्याने ऐकले होते यात मला शंका नाही. ज्याच्या मिळकतीविषयी आपण बोलतो आहोत तो माणूस आपल्याला वाढत असताना, तो तेथे नसल्यासारखे बोलणे, हा मला त्या सफरीतील सर्वांत मोठा अशिष्टपणा वाटला. त्यानंतर मला जेवण गेले नाही.

त्या गृहस्थांचे म्हणणे ऐकायला न्याय्य वाटते, म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. हातात दिलेले पैसे दिसणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचतात, पण न दिसणाऱ्यांचे काय? समुद्रावरच्या एका मोकळ्या दिवशी आम्ही शुल्क भरून जहाजाची पडद्यामागची बाजू दाखवणारी फेरी घेतली होती. जहाजाच्या पोटातून एक लांबच लांब मार्ग जातो. अमेरिकी जहाजांवरचे कर्मचारी त्याला 'आय-९५' म्हणतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जाणाऱ्या महामार्गावरून. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना कोठारे, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या लिफ्ट, लाँड्री आणि कचरा वेगळा करण्याची खोली होती. लाँड्रीत चादरी आणि टॉवेल यांचे ढीग यंत्रांतून निघत होते आणि माणसे ते एकामागून एक रचत होती. तेथील उष्म्यात आम्हाला थोडा वेळ उभे राहणेही जड गेले. कचऱ्याच्या खोलीत काच, डबे आणि प्लास्टिक हाताने निवडले जात होते. जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक कोणत्याही समुद्रात टाकता येत नाही, त्यामुळे आपण टेबलावर सोडलेली प्रत्येक वस्तू तेथे कोणाच्या तरी हातांखालून जाते. या माणसांना प्रवाशांसमोर येण्याचे कारणच पडत नाही. अनेक कंपन्यांत रोजच्या बक्षिसीच्या वाटपात पडद्यामागच्या अशा कर्मचाऱ्यांचाही हिस्सा असतो. ती रक्कम काढून आपल्या आवडत्या वेटरच्या हातात नोट ठेवणारा प्रवासी उदार दिसतो, पण भांडी घासणाऱ्याचा हिस्सा त्याने परस्पर रद्द केलेला असतो.

दुसरी गोष्ट मला एका अनुभवी सहप्रवासी स्त्रीने सांगितली आणि नंतर अनेक ठिकाणी वाचायलाही मिळाली. काही कंपन्यांच्या जहाजांवर, ज्या प्रवाशाने रोजची रक्कम काढून घेतली आहे त्याच्याकडून मिळालेले रोख पैसे कर्मचाऱ्याला सामाईक निधीत जमा करावे लागतात. रक्कम कायम ठेवणाऱ्याने वर काही दिले तर मात्र ते त्या कर्मचाऱ्याचेच राहते. म्हणजे 'थेट देतो' म्हणणाऱ्याचे पैसे अशा जहाजावर थेट पोहोचतच नाहीत. तिसरी गोष्ट साध्या निरीक्षणाची आहे: रक्कम काढून घेतल्याची नोंद होते, पण काढून घेतलेली रक्कम खरोखर कोणाला दिली की नाही, याची नोंद कोठेही होत नाही.

वहिनींनी बँकेत वर्षानुवर्षे हिशेब पाहिले आहेत, त्यामुळे भावनेच्या आधारे केलेला युक्तिवाद त्यांच्यापुढे टिकत नाही. डेकवर फेऱ्या घालताना त्या म्हणाल्या, "तुझे सगळे खरे, पण हा पगार आहे ना? मग तो भाड्यातच का धरत नाहीत? गिऱ्हाइकाच्या दयेवर का ठेवतात?"

"धरायलाच हवा, वहिनी. पण तो भांडणाचा विषय कंपनीशी आहे," मी म्हणाले. "वेटरचे पैसे कापून तुम्ही कंपनीला काय शिकवणार?"

त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्या जाहिरातीतील भाड्यातच कर आणि बंदरशुल्क धरून दाखवू लागल्या. बक्षिसी मात्र बाहेर राहिली, कारण ती ऐच्छिक आहे. ती काउंटरवर काढून मिळते म्हणून भाड्यात दिसत नाही, आणि भाड्यात दिसत नाही म्हणून सफर स्वस्त वाटते. हे अपरिहार्य नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजचा सेवाशुल्क बंद करून तो भाड्यात समाविष्ट केला. रीजंट सेव्हन सीज, सीबोर्न आणि सिल्व्हरसी या महागड्या कंपन्यांच्या भाड्यात बक्षिसी आधीपासूनच धरलेली असते. जे काहींना जमते ते इतरांना जमू नये, असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

त्यातच कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास पाहिले की बक्षिसीला 'खुशी' म्हणणे अवघड होते. २००६ चा सागरी कामगार करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आहे, आणि जहाजावरचे वेटर व केबिन-सेवकही त्याच्या कक्षेत येतात. त्यातील विश्रांतीचा नियम २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास असा आहे. आठवड्याचे १६८ तास धरले, तर हा नियम पूर्ण पाळूनही ९१ तास काम करवून घेता येते. नोकरीचे करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात आपल्यासारखी आठवड्याची सुटी नसते. अनेक मोठी जहाजे बहामा किंवा पनामा यांच्या ध्वजाखाली नोंदलेली असल्यामुळे प्रवाशांच्या देशातील किमान वेतनाचे कायदे तेथे उपयोगी पडत नाहीत. अशा स्थितीत वेटर आणि केबिन-सेवक यांच्या मिळकतीचा मोठा भाग बक्षिसीतूनच येतो.

आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा तरुण फिलिपिन्सचा होता. वहिनींचा गुडघा दुखतो हे त्याने न सांगता ओळखले आणि पलंगावर एक जास्तीची उशी रोज ठेवू लागला. महामारीपूर्वी बहुतेक जहाजांवर केबिन दिवसातून दोनदा आवरली जाई. अनेक कंपन्यांनी आता ते एकदाच केले आहे, आणि रोजची रक्कम मात्र वाढवत नेली आहे. याचा राग प्रवाशांना येतो आणि तो रास्त आहे. परंतु एका फेरीचे काम कमी झाले म्हणून त्या तरुणाला विसावा मिळाला, असे मला दिसले नाही. आमची मार्गिका संपवून तो पुढच्या मार्गिकेत शिरताना आम्ही रोज पाहत होतो.

त्याला वेगळे काही द्यावे यावर आमचे एकमत होते, फक्त केव्हा यावर नव्हते. वहिनींच्या मते पहिल्याच दिवशी द्यावे, म्हणजे सेवा चांगली मिळते. मला हे पटले नाही. पहिल्या दिवशी दिलेल्या पैशांनी आपण कृतज्ञता व्यक्त करत नाही, पुढच्या अपेक्षा नोंदवत असतो. शेवटच्या सकाळीही देऊ नये असे माझे मत आहे, कारण त्या दिवशी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारपर्यंत नवे चढू लागतात. तेवढ्या वेळात या माणसांना सर्व केबिन तयार करायच्या असतात आणि थांबून दोन शब्द बोलण्याइतकीही उसंत त्यांना नसते. आम्ही शेवटच्या संध्याकाळी त्याला गाठले, नाव घेऊन आभार मानले आणि पाकीट हातात दिले. त्यासाठी सुट्या नोटा घरूनच न्याव्यात, कारण शेवटच्या दिवशी काउंटरवर सुटे मागणाऱ्यांचीही गर्दी असते. नाणी देऊ नयेत. परकी नाणी बदलून मिळणे त्यांना फार कठीण जाते.

ज्या ठिकाणी जास्तीचे देण्याची गरज नाही तेथे कंपन्या प्रवाशाला संभ्रमात ठेवतात, ही माझी तक्रार आहे. बारमध्ये पेयाच्या किमतीवर १८ ते २० टक्के बक्षिसी आधीच लावलेली असते, तरी सहीच्या चिठ्ठीवर तिच्याखाली आणखी एक कोरी ओळ सोडलेली असते. तेथे काहीही लिहिण्याचे बंधन नाही. कप्तान किंवा अधिकारी यांना पैसे देऊ करणे हा त्यांचा अवमान ठरतो. उलट धक्क्यावर सामान उचलणारे हमाल जहाजाचे कर्मचारी नसतात आणि जहाजावरच्या वाटपात त्यांचा हिस्सा नसतो. त्यांना तेथल्या तेथे द्यावे. पैशांइतकीच उपयोगी पडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सफरीनंतर येणारा अभिप्रायाचा अर्ज. त्यात कर्मचाऱ्याचे नाव आणि त्याने नेमके काय केले हे लिहिले, तर ते त्याच्या वरिष्ठांपर्यंत जाते. आम्ही दोघींनी तो अर्ज वेगवेगळा भरला आणि लाँड्री विभागाचाही त्यात उल्लेख केला.

शेवटच्या रात्री आमच्या टेबलावरच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या गृहस्थांनी पाकिटे सकाळीच दिली असतील, किंवा ते सामान बांधण्यात गुंतले असतील. मला ठाऊक नाही आणि त्यांच्यावर आरोप करण्याचा मला अधिकारही नाही. पण शेवटच्या रात्री भोजनकक्ष टाळून बुफेत जेवणारे प्रवासी जहाजावर सर्वांनाच परिचित आहेत. ज्याला काही द्यायचे नसेल त्याने निदान येऊन जेवावे आणि आभार मानावेत; आठवडाभर वाढणाऱ्यांना तोंड चुकवणे हे न देण्यापेक्षाही वाईट आहे.

वहिनी सध्या पुढच्या वर्षीच्या सफरीची चौकशी करत आहेत. बक्षिसी भाड्यात धरली आहे का, हा त्यांचा एजंटला पहिला प्रश्न होता. नाही असे उत्तर आल्यावर, ती तिकिटाबरोबरच आगाऊ भरता येईल का आणि मधल्या काळात दर वाढला तरी भरलेली रक्कम कायम राहील का, असे त्यांनी विचारले. राहील, असे त्याने सांगितले, आणि वहिनींनी दोघींचेही पैसे त्याच दिवशी भरून टाकले.