पेपरात खोटं छापून आलं, आता काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माध्यमं सुधारावीत यासाठी सोलापुरात काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेला सगळ्यांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो: "आमच्याबद्दल पेपरात धडधडीत खोटं छापलंय. केस ठोकू का?"

आधी पत्र लिहा. तेही बातमीदाराला नाही, संपादकांना. बातमीदाराला फोन करून भांडल्यावर मन मोकळं होतं, पण हातात कागद राहत नाही. आणि पुढे प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जायचं ठरलं, तर त्यांना पहिल्यांदा हेच पाहायचं असतं की तुम्ही संपादकांना लेखी कळवलं होतं का आणि ते काय म्हणाले.

पत्राआधी अंक सांभाळा. बातमी कात्रीने कापू नका, अख्खा अंक ठेवा. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं अंकात बारीक अक्षरात छापलेली असतात, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी. तक्रार कोणाविरुद्ध करायची ते तिथे कळतं. आवृत्तीही पाहून ठेवा. शहर आवृत्तीतला मथळा पंढरपूर-बार्शीकडच्या अंकात वेगळा असू शकतो, आणि मोबाईलवर आलेल्या फोटोत ना तारीख दिसते ना पान क्रमांक.

आता पत्र. समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि बातमी आली, "मालकानेच आग लावल्याची चर्चा". तर पत्रात तारीख, आवृत्ती, पान, मथळा आणि आक्षेप असलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. त्याखाली वस्तुस्थिती: अग्निशमन दलाच्या अहवालात कारण शॉर्ट सर्किट दिलं आहे, प्रत सोबत जोडली आहे. शेवटी मागणी: त्याच पानावर, ठळक दिसेल अशी दुरुस्ती छापावी. झालं, एक पान पुरे. "तुमच्या पेपरला लाज नाही" हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी गाळा, कारण उत्तर त्या वाक्यालाच येतं आणि अहवाल बाजूला राहतो. पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, ईमेलही करा. दहाएक दिवस वाट पाहा. बऱ्याच गोष्टी इथेच मिटू शकतात. संपादकालाही चूक सुधारायला कागदाचा आधार लागतो.

नाही मिटलं तर प्रेस कौन्सिल, दिल्ली. १९७८च्या कायद्याने चालणारी ही संस्था. इथे मुदत फार महत्त्वाची: दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुराबद्दल प्रसिद्धीपासून २ महिने, इतर नियतकालिकांबाबत ४ महिने. तक्रारीसोबत बातमीची प्रत, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, त्या विषयावर कोर्टात काही चालू नसल्याचं घोषणापत्र आणि मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर. वकील लागतोच असं नाही.

भाषांतरातच गाडी अडते, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या पेपरांची 'समजते', 'बोलले जाते', 'चर्चा आहे' ही क्रियापदं भाषांतर करताना गळून पडतात आणि इंग्रजीत उरतं "मालकाने आग लावली". मग पेपर सरळ म्हणतो, आम्ही असं लिहिलंच नव्हतं, आणि ते खरंही असतं. उलट 'चर्चा' जशीच्या तशी ठेवलीत तर तुमचा मुद्दा बळकट होतो: कुणाला न विचारता, अहवाल न पाहता अफवा का छापली? पडताळणी ही पत्रकारितेची पहिली अट आहे आणि कौन्सिलच्या आचारसंहितेतही ती आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू घरात बोलणाऱ्या सोलापूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. एका शब्दाने अर्थ कसा फिरतो ते आपण रोज अनुभवतो.

कौन्सिल दंड करत नाही, भरपाई देत नाही. ताकीद देते, कानउघाडणी करते, ठपका ठेवते, आणि लोकहितासाठी गरज वाटली तर चौकशीचा तपशील छापायला सांगू शकते. "मग उपयोग काय?" असं लोक विचारतात. नोंद होते, हा उपयोग. पैसे हवे असतील तर अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा, त्याची मुदत १ वर्ष. मात्र कोर्टात चालू असलेल्या विषयाची चौकशी कौन्सिल करू शकत नाही. म्हणून घाईने केस टाकलीत तर हे दार बंद होतं. आधी कौन्सिल आणि मग कोर्ट हा क्रम जमतो, फक्त वर्षाची तारीख डोळ्यांसमोर ठेवा.

टीव्हीची वाट वेगळी. आधी वाहिनीकडे लेखी तक्रार, ७ दिवसांच्या आत केलेली बरी. वाहिनीने १५ दिवसांत निर्णय द्यायचा, मग स्वनियमन संस्था (वाहिन्यांनी स्वतःच उभारलेली), शेवटी केंद्र सरकार. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ठेवायचं बंधन ९० दिवसांचंच आहे, तेव्हा वेळ, कार्यक्रमाचं नाव लगेच टिपून ठेवा. गल्लीतल्या केबल चॅनेलसाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त.

आणि कुणी माईक घेऊन येऊन "जाहिरात द्या, नाहीतर बातमी लावतो" म्हणालं, तर ती माध्यमाची तक्रारच नव्हे. ती खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. थेट पोलीस ठाणं गाठा.

निवडणुकीत बातमीच्या वेषातली जाहिरात दिसली तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे कळवा. पेड न्यूज ठरली तर जाहिरातीच्या दराने तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात. एकाच मजकुराची दोन वेगळ्या पेपरांतली कात्रणं शेजारी ठेवून दिलीत तर फार समजावून सांगावं लागत नाही.

"सरकारलाच सांगून पेपर बंद करता येणार नाही का?" असंही कुणी विचारतं. आम्ही त्यात कधीच साथ देणार नाही. १९३० साली इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉमध्ये (लष्करी अमलात) याच गावात 'कर्मयोगी' या पेपरच्या संपादकांना शिक्षा झाली होती. पेपर चालू राहावा आणि त्यात चूक झाली तर तिथेच, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात दुरुस्त व्हावी, एवढंच आमचं मागणं आहे. पान १ वरच्या बातमीची दुरुस्ती पान ७ वर निविदांच्या खाली आली, तर संपादकांना पुन्हा पत्र लिहा.