प्रकरण अकरा: पौर्णिमेने केलेला घोळ

मागच्या नोंदीत मोठ्या उत्साहात लिहिलं होतं, की माझ्या कादंबरीतली मुलगी, रेवा, चालत खाडी ओलांडून गेली, आता बारावं प्रकरण. ते रद्द. अकरावं मुळापासून पुन्हा लिहितेय.

झालं असं, की रविवारी कादंबरीतल्या नकाशासाठी काठाच्या खुणा टिपायला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात गेले होते. जाळं सांधत बसलेल्या एका काकांना प्रसंग सांगितला: पौर्णिमेची मध्यरात्र, ओहोटी, चांदण्यात चमकणारा चिखल आणि चालत पलीकडे निघालेली पोर. त्यांचा हात थांबला. "अगं, पुनवेच्या मध्यरात्री खाडी भरलेली असते. बुडेल की ती!"

मग त्यांनी बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पाणी ठाण्यापर्यंत चढायला आणखी वेळ लागतो, म्हणजे बाराच्या सुमाराला खाडी तुडुंब. मी सहा आठवडे घासलेला प्रसंग पाण्याखाली.

पहिला विचार आला तो असा, की दुनिया माझी, चंद्र माझा, भरतीचं गणितच बदलून टाकू. पण टोल्किन आठवला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना 1944 मध्ये त्याच्या लक्षात आलं होतं, की नायकाच्या, फ्रोडोच्या, प्रवासातल्या चंद्राचा मेळ बसत नाहीये, तो एकीकडे उगवतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय. मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितलंय. त्याने चंद्राला सूट दिली नाही, मागची प्रकरणं दुरुस्त करण्यात अख्खी दुपार घातली. त्याच्याकडून एल्फ आणि अंगठ्या उचलणारे खूप आहेत. मला त्याच्याकडून ही दुपार हवी आहे.

तर मग मध्यरात्रीची ओहोटी कधी? आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, बाराला. म्हणून अष्टमीला. कालनिर्णय उघडून बसले आणि अक्षरशः टाळी वाजवली, कारण वद्य अष्टमीला चंद्र उगवतोही मध्यरात्रीच्या आसपास! अंधारात निघायचं, निम्म्या वाटेवर चंद्र वर. दोन दिवस त्यावर लिहिलं. मग काकांचंच दुसरं वाक्य वहीत सापडलं: अष्टमीला भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. रेवाला चालता येईल इतका तळ उघडा पडणारच नाही. पुन्हा फुली.

(नकाशाबद्दल: नकाशे काढायच्या अ‍ॅपचा नाद सोडलाय. त्यातल्या सगळ्या किनाऱ्यांचे दात एकसारखे दिसतात. ट्रेसिंग पेपर आणि 0.3 चा पेन, बास. स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेल्या कागदावर मात्र शाई फुटते. घेताना एक रेघ ओढून बघा.)

हे सगळं तुम्हाला लिहितानाच एक सुचलं. खोल ओहोटी हवी तर उधाणाचेच दिवस हवेत. पौर्णिमेची भरती मध्यरात्री, तर ओहोटी त्याआधी सहा तास, म्हणजे संध्याकाळी. आणि पौर्णिमेचा चंद्र तेव्हाच उगवतो, समोर, पारसिकच्या डोंगरावर! रेवा पूर्वेकडे चाललीय. निघताना सूर्य पाठीशी, तिची सावली पुढे. पोचेपर्यंत चंद्र समोर, सावली मागे चिखलात. चंद्र वर येतोय म्हणजे पाणी परत फिरलंय. तिला मागे बघायचीही गरज नाही, चंद्र जितका वर तितका वेळ कमी.

मध्यरात्र गेली, पौर्णिमा राहिली. पाठलाग करणाऱ्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ते तासभर उशिरा निघाले तर खाडीच त्यांना अडवेल, म्हणजे तेराव्या प्रकरणातली लढाई बहुतेक जाणार. जाऊ दे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना मोरियाच्या खाणीतल्या बालिनच्या समाधीच्या प्रसंगापाशी टोल्किन जवळजवळ वर्षभर अडून होता, माझे तर दोनच महिने गेलेत.

पुढच्या पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचपासून खाडीकाठी मीठबंदरला थांबणार आहे, घड्याळ आणि वही घेऊन. चंद्र दिसतो तेव्हा पाणी नेमकं कुठल्या तिवराशी असतं, ते मला बघायचंय.