सिगारेट सोडायला वेप घेतलं, त्याचं पुढं काय झालं

परवा आमच्या यार्डातल्या एका पोरानं खिशातनं गुलाबी रंगाचं, हायलायटरएवढं काहीतरी काढलं, एक झुरका ओढला आणि म्हणाला, "दादा, सिगारेट सोडतोय बघा, आता हेच." ते वेप होतं, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. आंब्याचा वास आला. हमाल पोती टाकत होते, वर लिलाव पुकारला जात होता, त्या गडबडीत त्याला काय सांगणार? पण रात्री झोप लागेना, कारण त्या वाटेनं मी स्वतः जाऊन आलोय. म्हणून इथं सगळं लिहून काढतोय.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. पहिली सिगारेट कॉलेजात, एकोणिसाव्या वर्षी. २०१८ पर्यंत रोजच्या पंधरा झाल्या होत्या, पहिली सकाळी उठल्या उठल्या चहाच्याही आधी, आणि अकरा वाजता सौदे आटपले की टपरीवर सगळे मिळून दोन. पाकीट कधी घेत नव्हतो, सुट्टीच घ्यायचो, त्यामुळं आपण किती ओढतो हेच कळायचं नाही. (महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय चालतं ते तुम्हाला माहितीच आहे.)

२०१८ च्या दिवाळीला ताई आणि दाजी आले. दाजी लेस्टरला असतात, इंग्लंडात. माझ्यापेक्षा जास्त ओढायचे, आणि ह्यावेळी बघतो तर एकही नाही. हातात एक पेनसारखं यंत्र. जाताना तेच माझ्या हातात ठेवलं आणि दहा दहा मिलीच्या तीन बाटल्या दिल्या. त्यावर १८ मिलिग्रॅम असं छापलेलं, म्हणजे एका मिलीत निकोटिन तेवढं.

दाजींनी गच्चीवर बसून समजावलं होतं की आत एक छोटी कॉइल असते, ती बॅटरीवर तापते, कापसात मुरलेलं लिक्विड गरम होऊन त्याची वाफ होते. लिक्विडमध्ये ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, फ्लेवर आणि निकोटिन. काही जळत नाही, म्हणून डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि सिगारेटनं माणूस मरतो तो मुख्यतः त्या जळण्यानं. हे खरंच आहे. २००३ मध्ये होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टनं हे यंत्र बनवलं, स्वतः ओढायचा, आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. म्हणजे मुळात वस्तू तयार झाली ती सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठीच.

पहिला महिना मला फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. सकाळचा खोकला कमी झाला, शर्टाला वास नाही, बायको म्हणाली, "अहो, आता जवळ बसवतं तरी." पंधरावरनं तीनवर आलो. पण त्या तीन काही सुटेनात. अकराच्या टपरीवर सगळे सिगारेट ओढणार आणि मी एकटा वाफ सोडणार, ते जमायचं नाही. आणि दुसरीकडं ते पेन दिवसभर हातात. सिगारेट संपते, विझवावी लागते, बाहेर जावं लागतं. हे संपतच नाही. हिशोब लिहिता लिहिता एक झुरका, फोनवर बोलता बोलता एक, रात्री अंथरुणात एक. दोन महिन्यांनी बाटल्या संपल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की निकोटिन कमी झालेलंच नाही, उलट वाढलं असेल. पुढच्या बाटल्या पुण्यातनं मागवल्या, त्याही १८ च्याच.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली. आमच्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात, आई-वडिलांना नावेतनं बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, कपाट उघडलं की पाणी बाहेर, त्यात पोरीचं बारशाचं फोटो अल्बम लगदा होऊन पडलेलं. त्या आठ दिवसांत वेप चार्ज करायला लाइट कुठली? सिगारेट मात्र कोण ना कोण पुढं करायचं. तीनवरनं वीसवर गेलो, आणि चिखल काढताना दर अर्ध्या तासाला एक पेटायची.

त्यातनं सावरतोय तोवर १८ सप्टेंबरला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला, ई-सिगारेट बंद. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, परदेशातनं आणणं, विकणं, जाहिरात, साठा करणं, सगळं गुन्हा. विकताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा मला राग आला होता, की मारणारी सिगारेट कोपऱ्या कोपऱ्यावर चालते आणि सोडायला घेतलेली वस्तू बंद! आजही तो प्रश्न मला पूर्ण सुटलाय असं नाही. पण शाळेतली पोरं ज्यांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता ती आंब्या-स्ट्रॉबेरीच्या वासानं निकोटिनला लागतायत हे डोळ्यानं बघितल्यावर सरकारचं म्हणणं मला पटतं.

खरा घोळ त्यानंतर झाला. ओळखीतल्या एकानं कुठनं तरी एक बाटली आणून दिली. लेबल नाही. किती मिलिग्रॅम, कुठं भरली, आत काय, काहीच लिहिलेलं नाही. मी ओढली. दहा मिनिटांत घाम, मळमळ, छाती धडधडायला लागली आणि दुकानात पोत्यावरच आडवा झालो.

तिथं पडल्या पडल्या मला आजोबा आठवले. आमचे आजोबा हरिपूरला पेवात उतरायचे. पेव म्हणजे जमिनीखालचा खड्डा, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची कारण बाहेरची हवा आत जातच नाही. पेव उघडलं की लगेच कोण उतरत नाही, काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला की माणूस वरच. घाई करून उतरलेली माणसं वर आलेली नाहीत, ह्या गोष्टी आम्ही लहानपणापासनं ऐकल्यात. आणि त्यांचा नातू, दोन पोरांचा बाप, कशानं भरलीय हे माहीत नसलेली बाटली छातीत ओढून घेतोय. त्या दिवशी पेन फेकून दिलं. सिगारेट मात्र चालूच राहिली, परत रोजच्या पंधरा.

दाजींना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते जे बोलले ते त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "अरे, मला नुसतं यंत्र नव्हतं दिलं कुणी. दर आठवड्याला एका नर्सकडं जायचो, ती फुंकर मारायला लावून कार्बन मोनॉक्साइड मोजायची, आणि बाटली १८ वरनं १२, मग ६, मग ३ अशी खाली आणली." तिथं बाटलीत निकोटिन एका मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर विकताच येत नाही, जे लिहिलंय तेच आत असावं लागतं. २०१९ सालीच इंग्लंडमधला एक अभ्यास छापून आला होता, ८८६ लोकांचा, निम्म्यांना वेप, निम्म्यांना निकोटिनच्या पट्ट्या-च्युइंगम वगैरे, आणि दोघांनाही आठवड्याला समुपदेशन. वर्षानंतर वेपवाल्यांत १८ टक्के सिगारेटपासनं लांब होते, दुसऱ्यांत ९.९. म्हणजे वेप चाललं, नक्की चाललं. पण वेपवाल्यांतल्या सिगारेट सुटलेल्या लोकांपैकी ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते, च्युइंगमवाल्यांत तसे फक्त ९ टक्के. दाजींचं पण तेच, ३ वर येऊन अडकलेत, अजून खिशात आहे.

आणि हेच मला त्या पोराला सांगायचंय. दाजींना सोडवलं ते मोजून मापून खाली उतरण्यानं आणि दर आठवड्याला विचारणारं कोणीतरी असण्यानं. आपल्याकडं त्यातलं फक्त पेन येतं, मोजमाप येत नाही. त्या गुलाबी वस्तूत किती निकोटिन आहे हे त्यालाही माहीत नाही, विकणाऱ्यालाही नाही.

मोजून उतरायची सोय आपल्याकडं आहे, फक्त ती रंगीत नाही. सिगारेटच्या पाकिटावर नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, टोल फ्री. डिसेंबर २०२० मध्ये घाबरत घाबरत लावला. समोरची बाई मराठीत बोलली, एकदाही रागवली नाही. पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळात ओढता असं विचारलं, मला वाटलं काहीतरीच प्रश्न, पण त्यावरनंच कळतं म्हणे सवय किती खोल आहे. तारीख मला ठरवायला लावली. मी संक्रांत धरली, १४ जानेवारी २०२१.

डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅमची निकोटिन गम लिहून दिली. ही नेहमीच्या च्युइंगमसारखी चघळत बसायची नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर २०१५ ला एकदा घेऊन फेकून दिली नसती. हळूहळू चावायची, तिखट झणझणीत लागलं की थांबायचं आणि दाढ आणि गालाच्या मध्ये ठेवून द्यायची, आपल्याकडं लोक तंबाखूची चिमूट ठेवतात अगदी तशी. झणझणी गेली की परत दोन-चार वेळा चावायचं. साधारण अर्धा तास. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा नाही, नाहीतर निकोटिन तोंडातनं नीट शोषलंच जात नाही. यार्डात चहा सोडणं सिगारेट सोडण्याएवढंच अवघड! मी वेळ बदलली, अकराला गम, साडेअकरा-पावणेबाराला चहा. तोवर टपरीवरची गर्दी पांगलेली असायची. हे आपोआप झालं आणि त्यानंच मी वाचलो असं मला वाटतं.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला, पोरीवर विनाकारण ओरडलो, मग तिच्यापाशी जाऊन बसलो आणि खरं काय ते सांगितलं. तिनं कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली. सहा आठवड्यांनी २ ची गम, मग दोन गममधलं अंतर वाढवत नेलं, एप्रिलमध्ये बंद. वजन चार किलो वाढलं, वाढू दे.

फेब्रुवारीत नवी राजापुरी हळद यायला लागली तेव्हाची एक गोष्ट. वीस वर्षं मी हळकुंड मोडून आतला रंग बघायचो, मोडतानाचा आवाज ऐकायचो, वास मात्र मालक घ्यायचे, मला कधी त्यातलं काही कळलंच नाही. त्या दिवशी एक हळकुंड मोडलं आणि ओल्या मातीचा, जरासा कडवट, गरम असा वास एकदम नाकात भरला. मी दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. मालक म्हणाले, "काय ओ दिवाणजी, काय शोधताय?" मला बोलताच येईना.

जुलै २०२१ ला परत पूर आला. परत सामान वर चढवलं, परत रात्रभर पाण्याकडं बघत जागलो. शेजारच्यानं पाकीट पुढं केलं. हात गेला होता, खोटं कशाला सांगू. पण तोंडात लवंग टाकली आणि पोती उचलायला लागलो.

त्या पोराला आज गाठलं. म्हणाला, "दादा, ते गुलाबीवालं संपत आलंय, दुसरं दोन हजाराला पडतंय, घेऊ का?" म्हटलं थांब. गुरुवारी सौदे आटपले की आमच्या दुकानातनंच त्या नंबरला फोन लावायचा ठरलंय. बोलायला लाजतोय तो, म्हणून मी शेजारी बसणार आहे.