मामा, नाल आणि चिनी झाड

परवा सकाळी सहाला गच्चीवर गुडघे जरासे वाकवून, दोन्ही हात छातीसमोर गोल धरून, डोळे अर्धवट मिटून उभा होतो, तर मागून आवाज आला, "आरं कुणाला मिठी मारतूयास?" मामा. आदल्या रात्री तासगावहून आले होते आणि पैलवान माणसाला पाचनंतर झोप लागत नाही हे मी विसरलोच होतो.

म्हटलं मामा, झाडाला. म्हणजे झाड आहे असं समजायचं. याला जान-च्वांग म्हणतात, खांबासारखं उभं राहणं. चिनी लोकांच्या बऱ्याच जुन्या प्रकारांत हाच पाया, नुसतं उभं राहायचं, हलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, चौथ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात, खांद्यात आग होते आणि नेमकं तेव्हाच नाक खाजतं. मग हळूहळू जे स्नायू उगीचच ताणून धरलेत ते सैल सोडायला शिकतो माणूस, वजन तळपायात उतरतं. मी वीस मिनिटांपर्यंत पोचायला चार महिने घेतले.

मामांनी टॉवेल कठड्यावर टाकला आणि शेजारी तसेच उभे राहिले. अडुसष्ट वय. बोलले नाहीत, हलले नाहीत. खालून चहाची हाक तीनदा आली, शेवटी मीच सोडलं. "बैठका नसलेली बैठक हाय की ही," एवढंच म्हणाले.

आता जरा मागचं सांगतो. शाळेत असताना आमच्याकडे सांगलीत एका मैदानावर 'कुंग-फू कराटे' असा पत्र्याचा बोर्ड लावून क्लास चालायचा, मी सहा महिने गेलो. सरांनी पहिल्याच दिवशी लाथा मारायला लावल्या, सहाव्या महिन्यात परीक्षेची फी घेऊन पिवळा पट्टा दिला आणि मी सायकलची चेन लावून नानचाकू बनवला, तो स्वतःच्याच कोपरावर बसला. पुढे कळलं की ही रंगीत पट्ट्यांची भानगड मुळात जपानी ज्युदोची, जुन्या चिनी प्रकारांत ती नव्हतीच. आणि 'कुंग-फू' म्हणजे मारामारी असंही नाही. वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब म्हणजे कुंग-फू, चांगल्या आचाऱ्याकडेही ते असतं म्हणतात. त्या हिशोबाने आमच्या कोपऱ्यावरचा भेळवाला मोठा मास्टर आहे.

अजून एक, ते व्हॉट्सअपवर येतं ना, की आपल्या बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूने चीनला जाऊन शाओलिन मठाला कुंग-फू शिकवलं? मलाही लहानपणी छाती फुगवून सांगायला आवडायचं. पण ती गोष्ट ज्या पुस्तकावरून पसरली ते सतराव्या शतकातलं, बोधिधर्माच्या हजारएक वर्षांनंतरचं. मठ हेनान प्रांतातला, 495 साली उभा राहिलेला, आणि मिंग राजवटीत त्याचं नाव गाजलं ते हातांपेक्षा काठीसाठी, नुसत्या हाताची लढाई तिथे नंतर मोठी झाली. तरी फॉरवर्ड करणारे थांबत नाहीत, जाऊ दे.

चिन्यांत एक म्हण आहे, दक्षिणेची मूठ आणि उत्तरेची लाथ. सगळं त्यात बसतं असं नाही, पण ढोबळ अंदाज येतो. उत्तरेकडे लांब पवित्रे, उड्या, लांबून मारलेल्या लाथा. दक्षिणेत पाय जमिनीला चिकटलेले आणि हात जवळून झटपट. विंग चुन त्यातलंच, ब्रूस ली ज्यांच्याकडे हाँगकाँगला शिकला ते इप मान याचेच. त्यात लाकडी पुतळा असतो, खांबाला तीन हात आणि एक पाय, त्यावर तासन्‌तास घासून कोन पक्के करायचे. आपल्याकडे मल्लखांब माणसाला अंगावर चढवून घेतो, त्यांचा खांब उलट हात पुढे करून अडवतो. बा-ग्वा आणि शिंग-यी हे आणखी दोन चिनी प्रकार. बा-ग्वावाले वर्तुळात चालतच राहतात, आपल्याला ते घाण्याला जुंपल्यासारखं वाटेल, आणि शिंग-यीवाले पाचच ठोसे सरळ रेषेत आयुष्यभर मारतात. मला हे शेवटचे आवडतात, फालतू काही नाही.

पण मी अडकलो ते चेन घराण्याच्या ताई-चीत. तेही हेनानमधलंच, चेन गावचं. त्यात एक सराव आहे, कोशातून रेशमाचा धागा ओढावा तसा हात फिरवायचा. झटका दिला की धागा तुटतो, थांबला की गुंता होतो, म्हणून कंबरेपासून बोटापर्यंत एकाच वेगाने पीळ जायला हवा. तुतीचा मळा आणि किडे घरी असलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल, मला यूट्यूब बघून वर्ष लागलं.

तर त्या दिवशी चहा झाल्यावर मामा म्हणाले, "ह्येचा भांडणात काय उपेग?" मी त्यांना दोघांनी करायचा सराव दाखवला, मनगटाला मनगट लावून ढकलायचं, समोरच्याचा तोल काढायचा. मी ढकललं. पुढच्या सेकंदाला माझी पाठ पाण्याच्या टाकीवर होती आणि मामा जागेवरच. परत तेच. तिसऱ्यांदा मी ठरवून हळू गेलो तर मामा हसायला लागले, "तू आधी सांगतूयास आन मग ढकलतूयास."

चिनी लोक याला थिंग म्हणतात, म्हणजे ऐकणं. कातडीने ऐकायचं. मी चार पुस्तकं वाचून हे मामांना समजावून सांगत होतो आणि ते मान हलवत होते, मग म्हणाले खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या हाताला हात भिडवण्यात, दुसरं काय असतंय, मनगट हातात आलं की गडी कुठल्या पायावर हाय ते कळतंय. पन्नास वर्षांपूर्वी तांबड्या मातीत शिकलेली गोष्ट.

एक गोष्ट मात्र मामांकडूनच घ्यावी लागते. तालमीत रोज लढत होते, जोडीदार तुम्हाला खरंच पाडतो, त्यामुळे खोटं फार दिवस टिकत नाही. चिनी प्रकारांत लांबलचक ठरलेल्या हालचालींचे संच असतात, एकट्याने करायचे, आणि पुष्कळ ठिकाणी सराव तिथेच संपतो. 2017 मध्ये शू श्याओडोंग नावाच्या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) फायटरने एका ताई-ची मास्तरला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं, तो व्हिडिओ जगभर फिरला. ताई-चीवाले म्हणतात तो मास्तरच कच्चा होता. असेल. पण मला वाटतं त्याला रोज कोणी पाडलं नव्हतं.

मग मी मामांना शुआय-ज्याओचे व्हिडिओ लावून दिले, ही चिनी कुस्ती, आखूड बाह्यांचं जाड जाकीट घालून खेळतात. मामा मोबाईल नाकाजवळ धरून, "आरं ही तर टांग!... ही बग ढाक!" असं ओरडत होते, खाली आईला वाटलं भांडण लागलं. त्यांच्या सरावात दगडी कुलूप असतं, जुन्या कुलपाच्या आकाराचा दगड, वर धरायला मूठ, तो झुलवून हवेत फेकायचा आणि परत झेलायचा. ते बघितल्यावर मामा एकदम गप्प झाले.

म्हणाले आमच्या तालमीत नाल होती. दगडाचं चाक, मधे धरायला दांडा कोरलेला. सत्तावीस वर्षांचे असताना मामांनी ती एका हाताने खांद्यावर घेतली होती, पुढं तालमीला मॅट आली, कुणी उचलंना, आता ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर ठेवतात.

येत्या रविवारी तासगावला जाणार आहोत दोघं. उचलायची नाही, मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि माझ्या कंबरेचं मला माहीत आहे, पण मामींनी आत्ताच फोन करून विचारलं की तुझे मामा सकाळपासून परड्यात पिशवीत वाळू भरून वजन का करतायत.